चादरींचा परवचा

हॅलिफॅक्सच्या धुलाईघरात, रात्रपाळीला,
एकटीनं चादरीची घडी होत नाही.
दोन टोकं तिच्याकडे, दोन माझ्याकडे,
मग झटका, मग चालत यायचं एकमेकींकडे.
बोटांना बोटं लागतात तेवढ्यात
ती टोकं देते आणि मागे सरते.
वर्षभर आमची ओळख इतकीच:
डोरीन ॲक्रॉइडची गार बोटं.

इस्पितळं तीन, गाड्या अकरा,
चादरी मोजायच्या जोडीजोडीनं.
इंग्रजीत मोजलं की माझी एखादी हमखास गळते.
हिशेब अजून भुसावळच्या शाळेतच बसतो,
रुळांलगतच्या पत्र्याखाली,
जिथे मालगाडी धडधडत जाईपर्यंत
मास्तर छडी वर धरून थांबायचे
आणि आम्ही नेमके पुढच्याच ओळीवर सुरू व्हायचो.

तर एका रात्री इस्त्रीचं यंत्र बंद पडलं
आणि त्या शांततेत माझं तोंडातल्या तोंडातलं सगळ्यांना ऐकू गेलं:
बे एके बे. बे दुणे चार.
डोरीन थबकली. "बेड ऑन अ चेअर?
खुर्चीवर खाट? कुणाची गं?"
बे त्रिक सहा, मी घाबरून घाईनं,
तर बॉयलरमागून पॅट्रिक,
सहा महिने कुणाशी न बोललेला पॅट्रिक,
डोकं काढून म्हणाला, "काय? मी काय केलं?"

सगळे हसले.
मला वाटलं, मलाच हसतायत.
कान तापले. माझ्याकडची टोकं
मी जरा जोरातच ओढली.
पण डोरीन मळक्या उशांच्या ढिगावर बसली होती
हसून हसून, कवळी हातात घेऊन,
आणि कवळी काढून कुणी कुणाला हिणवत नाही.

मग तिनं तिचं काढलं,
आजोबांचं, डोंगरातलं, मेंढ्या मोजायचं:
यान, टॅन, टेदर, मेदर, पिप.
पिप म्हणजे पाच. पंधराला म्हणे बमफिट.
बमफिट!
मी चादरीत तोंड खुपसलं.
चाळिशीची बाई, दोन मुलांची आई,
पंधरा या आकड्याला इतकी कधी हसले नव्हते.

तिची चाल टेकाडावरून उतरते,
माझी चढत जाते, दहाला दम खाते.
एकदम म्हटल्या तर कुठेतरी
सहा-सातच्या आसपास भेटतात.
पॅट्रिक पत्र्याच्या झाकणावर ठेका धरायचा.
त्या आठवड्यात चौदा चादरी जास्त भरल्या.
मुकादम हॅलिवेल तीनदा मोजून गेले.
कुठून आल्या, कुणाला ठाऊक.

सगळं गोड होतं असं नाही.
चहाच्या सुट्टीत डोरीन म्हणायची, "फार झाले आता बाहेरचे."
मग माझ्याकडे बघून, "तू नाही गं."
मी नाही, तर कोण?
एकदाच विचारलं.
तिनं बिस्किट बुडवून ठेवलं, ते तुटून चहात पडलं,
आणि आम्ही दोघी त्या बिस्किटाकडेच बघत बसलो.
आमच्यात जागा आहे ती चादरीएवढी,
तीही सरकारी, शिक्क्याची, एका रुग्णापुरती.
पण तेवढी रोज, दहा ते सहा,
चारी टोकांनी ताणून धरलेली.

डिसेंबरात नवी मुलगी आली, एरिट्रियाची, सेमहार.
नाव सांगून झालं आणि तिच्याजवळचं इंग्रजी संपलं.
डोरीननं तिला माझ्यासमोर उभं केलं, टोकं हातात दिली.
बे एके बे, मी.
यान, टॅन, मागून डोरीन.
मुलगी आमच्याकडे बघत राहिली,
या दोघींपैकी आधी कुणासाठी डॉक्टर बोलवावा, अशी.

मग झटका. मग चालत यायचं.
बोटांना बोटं लागली तेव्हा
ती अगदी हळू म्हणाली, "हादे."

मी टोकं सोडलीच नाहीत.
पॅट्रिकनं झाकण उचललं.
"बरं," डोरीन म्हणाली, "आणि पुढं?"